पेपर नसला तरी अर्ज कर

प्रिय मित्रा,

"सायबर सुरक्षेच्या परिषदेत माझा पेपर लागलेला नाही, मग तिथे जायचा प्रवासखर्च कुठल्या तोंडाने मागू?" असं तू विचारलंयस. बिनधास्त माग. युसनिक्स सिक्युरिटी, एनडीएसएस, सीसीएस, १९८० पासून भरणारी आयट्रिपलईची सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, या सगळ्या परिषदा विद्यार्थ्यांसाठी प्रवास अनुदान देत आल्या आहेत. पेपर असलेल्यांना बहुधा आधी झुकतं माप मिळतं, पण म्हणून इतरांना दार बंद नसतं.

मात्र अर्जात "मला सायबर सुरक्षेची आवड आहे" एवढंच लिहू नकोस. सगळेच ते लिहितात. पेपर वाचायला तिथे जावं लागत नाही. युसनिक्सने तर २००८ पासून आपल्या परिषदांचे पेपर सर्वांना मोफत खुले केलेत. मग तूच तिथे का हवास? तुझं राऊटरच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) फझिंग, म्हणजे वेडावाकडा इनपुट देऊन चुका शोधणं, इम्युलेशनमध्ये (संगणकावरच्या नकलेत) एका पेरिफेरलपाशी, म्हणजे जोडलेल्या हार्डवेअरच्या भागापाशी, अडकलंय ना? तेच लिही. कोणत्या सत्रात बसायचंय, कुणाला काय विचारायचंय, तेही लिही. पेपरमध्ये जे फसलेले प्रयोग येत नाहीत ते चहाच्या सुट्टीत कळतात, आणि त्यासाठीच जायचं असतं. पोस्टरची मुदत उरली असेल तर अर्धवट कामाचं पोस्टरही पाठव.

आता पैशांचं. बऱ्याच ठिकाणी अनुदान मंजूर होतं, पण रक्कम हातात पडते परिषद संपल्यावर, पावत्या दिल्यावर. तोवर तिकीट, हॉटेल, व्हिसा सगळं पदरचं. ज्याला मदतीची खरी गरज आहे तोच इथे अडतो, आणि हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. म्हणून मंजुरीचं पत्र आलं की लाजू नकोस, आयोजकांना स्पष्ट विचार: नोंदणी शुल्क आधीच माफ होईल का? हॉटेलचं बिल तुम्ही परस्पर भराल का? उत्तर "नाही" असं आलं तर तेच पत्र विभागाला दाखवून आगाऊ रक्कम माग. बोर्डिंग पास आणि पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेव. कुठला खर्च धरतात, कुठला नाही, हे तिकीट काढण्याआधी वाच. व्हिसाची फी अनेकदा धरत नाहीत.

व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागेल, ते अनुदानाच्या निकालाची वाट न पाहता मागून घे. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कधीकधी महिने जातात.

गाईडना शिफारसपत्रासाठी आजच मेल कर, सोबत तुझ्या कामाचे चार मुद्दे जोड, म्हणजे पत्र गुळमुळीत येणार नाही. अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. मी वाचून खुणा करून देईन.