पान सुटं करताना

सप्रेम आशीर्वाद, वि. वि.

नाझी छळछावण्यांची कागदपत्रं डिजिटल रूपात मांडायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. स्कॅनर, सर्व्हर, रिझोल्यूशन यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यात मी पडत नाही. कागदाचा डेटा होताना काय निसटतं, एवढ्याबद्दलच लिहितो.

ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेन छावणीच्या मृत्यूनोंदवह्या नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून आल्या. १३ डिसेंबर १९४५ रोजी अमेरिकन वकील थॉमस डॉड यांनी त्यातला एकच दिवस न्यायालयापुढे ठेवला: १९ मार्च १९४५. रात्री सव्वा ते दुपारी दोन या वेळात २०३ माणसं मेल्याची नोंद आहे. कारण सगळ्यांचं एकच, हृदयविकार. आणि ही माणसं मेली ती आडनावांच्या अक्षरक्रमाने! सरासरी काढलीस तर पावणेचार मिनिटांना एक. ओळीखाली ओळ वाचत गेलं की खून झालेत हे कळायला दुसऱ्या साक्षीदाराची गरज उरत नाही.

आता ही पानं तुझ्या डेटाबेसमध्ये घाल. २०३ ओळींच्या २०३ सुट्या नोंदी होतील. उद्या कुणी नातू आजोबांचं नाव टाकेल आणि त्याला दिसेल: मृत्यू १९ मार्च १९४५, कारण हृदयविकार. एकटी वाचली तर ती नोंद खरीच वाटते. म्हणजे मारेकऱ्यांनी रचलेलं खोटं आपण सुबक टंकात, संस्थेच्या नावानिशी पुन्हा छापलं. याची मला खरोखर भीती वाटते.

म्हणून प्रत्येक नोंदीवरून मूळ पानावर, आणि मागच्या-पुढच्या पानावरही, सहज जाता आलं पाहिजे. रकान्याला 'मृत्यूचं कारण' असं नाव देऊ नकोस; 'छावणीच्या नोंदवहीत लिहिलेलं कारण' असं दे. लांबलचक होईल, होऊ दे. कागद कुठल्या कचेरीत आणि कशासाठी तयार झाला, हेही शोधाच्या निकालातच दिसू दे. तळटीप उघडून बघणारे फार थोडे असतात.

जर्मनीतल्या बाट आरोलझेन गावातला संग्रह तू बघशीलच. सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांचे उल्लेख असलेले ३ कोटी कागद तिथे आहेत. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली. युद्धानंतर बेपत्ता माणसांचा शोध घेणं हे तिथलं मुख्य काम. त्यासाठी बरेच कागद मूळ गठ्ठ्यांतून काढून माणसागणिक लावले गेले. पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून आतले कागद आडनावांप्रमाणे लावले तर काय होईल, ते तुला सांगायला नको. पण तेव्हा दारात आई मुलाला शोधत उभी होती. त्या लोकांना मी दोष देणार नाही. तुझ्याकडे मात्र दोन्ही क्रम राखायचं साधन आहे: नावावरून शोध, आणि शेजारी त्या कागदाची मूळ जागा. ते वापर.

स्कॅन करताना मागची बाजू कोरी दिसली तरी घे. कैद्याच्या कार्डावर छावणीच्या कारकुनाच्या रंगीत पेन्सिलीच्या खुणा असतात, बदलीचे शिक्के असतात, आणि त्यावर युद्धानंतर शोध घेणाऱ्यांनी केलेल्या खुणाही असतात. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये हे सगळे हात एक होऊन जातात. फाईल जड झाली तरी चालेल, रंगीतच घे.

नावांचं तर विचारूच नकोस. 'श्वार्त्स' हे एकच आडनाव जर्मन कारकून एका प्रकारे लिहितो, पोलिश कारकून दुसऱ्या. म्हणून आरोलझेनची नावांची सूची उच्चारावर लावलेली आहे. तूही नाव 'शुद्ध' करायला जाऊ नकोस. कागदावरचं रूप जसंच्या तसं ठेव आणि शोधासाठी पर्यायी रूपं वेगळी जोड. २०२० पासून तिथे स्वयंसेवक घरबसल्या कार्डांवरची नावं उतरवून देतात, एकच कार्ड एकाहून अधिक जण स्वतंत्रपणे वाचतात. वेळ जास्त जातो, पण तसंच कर.

अजून एक, आणि यावर मी अडून बसेन. छावणीत माणसांना रंगीत त्रिकोण लावत: राजकीय कैद्यांना लाल, समलैंगिकांना गुलाबी, 'असामाजिक' ठरवलेल्यांना काळा. कागदावर आहे ते लपवू नकोस. पण तो शिक्का त्या माणसाच्या नावापुढे त्याची ओळख म्हणून छापूही नकोस. छावणीने कुठल्या गटात टाकलं होतं, तसं लिही. आणि एका बटणावर असल्या गटांच्या याद्या निघतील अशी सोय करण्याआधी थांबून विचार कर. तशाच याद्या करणाऱ्यांचे हे कागद आहेत.

घरच्यांकडून दुरुस्त्या येतील: जन्मतारीख चुकली, गावाचं नाव चुकलं. मूळ नोंद न खोडता त्यांचं म्हणणं तारखेसह शेजारी ठेव, आणि उत्तर देणारं माणूस नेम. नुसता स्वयंचलित ईमेल अशा ठिकाणी शोभत नाही.

पहिला गठ्ठा झाला की लिंक पाठव. मी आधी मागच्या बाजू बघणार आहे.

कळावे,
तुझा काका