वाचकांचे प्रश्न : जपानच्या पहिल्या महिला रसायनशास्त्रज्ञ

प्रश्न : जपानमध्ये रसायनशास्त्राला आयुष्य वाहणाऱ्या पहिल्या स्त्रिया कोण होत्या?

उत्तर : १९१३ साली सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठाने तीन विद्यार्थिनींना प्रवेश दिला, तेव्हा शिक्षण मंत्रालयाने त्याबद्दल विद्यापीठाकडे विचारणा केली होती. त्या तिघींपैकी चिका कुरोदा आणि उमे तांगे यांनी रसायनशास्त्र निवडले. कुरोदा १९१६ मध्ये पदवीधर झाल्या आणि ज्या मुरासाकी वनस्पतीच्या मुळापासून जपानमध्ये शतकानुशतके जांभळा रंग काढला जात असे, त्यातील शिकोनिन या रंगद्रव्याची संरचना त्यांनी शोधून काढली. पुढे करडईच्या फुलांतील रंगद्रव्यावरील कामासाठी १९२९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. घरोघरी ओळखीच्या असलेल्या रंगांना प्रयोगशाळेत नेण्याची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. त्याच पिढीतील संशोधक मिचियो त्सुजिमुरा यांनी हिरव्या चहातील कॅटेचिन हे कडवट चवीचे द्रव्य वेगळे केले.

कात्सुको सारुहाशी (१९२०–२००७) या त्यांच्या पुढच्या पिढीतल्या. समुद्राच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण काढण्यासाठी त्यांनी तयार केलेले कोष्टक जगभर वापरले गेले, आणि अणुचाचण्यांतून समुद्रात मिसळलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचे त्यांनी केलेले मोजमाप अमेरिकेतील प्रयोगशाळेत तुलना करून तपासले असता अचूक ठरले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९८१ पासून जपानी महिला वैज्ञानिकांना दिला जातो.