डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) स्पर्धेचे नियम का नाहीत? अँटी-डंपिंग ड्युटी स्पर्धा कायद्याच्या उलट नाही का?

उलटच आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, चालवतो, त्यामुळं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

2016 च्या नोव्हेंबरात चीन आणि ऑस्ट्रेलियाच्या मेटकोकवर, म्हणजे भट्टीत जाळायच्या कोकवर, अँटी-डंपिंग ड्युटी बसली, म्हणजे बाहेरून स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावरचा जादा कर. बसली आयात मालावर, पण आमच्या देशी पुरवठादारानंही पुढच्याच गाडीला दर चढवला. विचारलं तर म्हणाला, "आता बाहेरून घेऊन दाखवा की." दुसऱ्याला फोन लावला, त्याचाही दर तोच, रुपयाचा फरक नाही. इकडं आमचं कास्टिंग (ओतीव भाग) घेणाऱ्या कंपनीनं त्याचे दर वर्षभरासाठी बांधून घेतलेले. त्यात आमचे दाजी, सीए आहेत, जेवता जेवता म्हणाले, "देशी उद्योग तर वाचला ना?" म्हटलं, मग कोल्हापूरच्या फौंड्र्या काय परदेशी आहेत? तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही.

दाजींना न पटणारी गोष्ट अशी. देशात कुणी स्वस्त विकलं तर 2002 चा स्पर्धा कायदा आधी बघतो, त्याचं बाजारात वर्चस्व आहे का, आणि खर्चाच्याही खाली विकून तो स्पर्धकाला संपवतोय का. बंदरावर आयात मालाला ड्युटी लावताना यातलं काही बघत नाहीत. स्वतःच्या देशातल्या दरापेक्षा इथं स्वस्त दिलं आणि त्यानं इथल्या उत्पादकाला इजा झाली, की पुरे. गिऱ्हाईक मेलं का जगलं, हे त्या हिशोबात जवळजवळ येतच नाही.

डब्ल्यूटीओचं म्हणाल तर 1996 ला सिंगापूरला स्पर्धेच्या विषयावर अभ्यासगट नेमला, 2003 ला कॅनकूनची त्यांची परिषद फिसकटली, 2004 ला हा विषयच वाटाघाटीतून काढला. विरोधात आपला भारतही होता. शिवाय निर्यातदारांनी आपसात दर ठरवले तर बरेच देश काणाडोळा करतात. आपल्याही कायद्याच्या कलम 3 मध्ये निव्वळ निर्यातीच्या करारांना सूट आहे. दुसऱ्याचं गिऱ्हाईक लुटलं तर चालतं.

आता ड्युटी सरसकट वाईट असंही नाही, काही माल खरंच इथला धंदा मारायला येतो. पण तुम्ही कच्चा माल घेणारे असाल तर चौकशी निघाल्या निघाल्या डीजीटीआरकडं (डंपिंगची चौकशी करणारं केंद्राचं कार्यालय) नोंदणी करा आणि मुदतीत, स्वतःच्या आकड्यांसकट म्हणणं मांडा. डब्ल्यूटीओच्या अँटी-डंपिंग करारातच, 6.12 मध्ये, वापरणाऱ्या उद्योगाला ही संधी ठेवलेली आहे. दाजींचा सल्ला होता, शिष्टमंडळ न्या, निवेदन द्या. दिलं. पेपरात फोटो छान आला, ड्युटी तशीच राहिली.