ताण माणसाचा मोजावा की कामाचा?

प्रश्न : मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे. कर्मचाऱ्यांवरील ताण कळावा म्हणून वर्षातून एकदा सर्वांच्या रक्तातील कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक) तपासावे, असा प्रस्ताव आमच्यापुढे आला आहे. त्यातून काही हाती लागेल का?

उत्तर : फारसे नाही. कॉर्टिसॉलची पातळी जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात सर्वाधिक असते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते. त्यामुळे रक्त आठला घेतले की अकराला, एवढ्यानेही आकडा बदलतो. सुईच्या धास्तीचा परिणाम होतो तो वेगळाच. शिवाय वाढलेल्या आकड्याचे कारण कार्यालयात आहे की घरी, हे रक्त सांगत नाही.

त्यापेक्षा काम कसे आहे, हे विचारावे. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले की नुसता कामाचा रेटा नव्हे, तर मोठा रेटा आणि काम कसे करावे हे ठरवण्याची अत्यल्प मुभा, ही जोडी घातक असते. समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये त्याला दुसरी बाजू जोडली : ओतलेले श्रम आणि मिळणारा पैसा, मान व नोकरीची शाश्वती यांतील तफावत. दोन्हींवर आधारलेल्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात. ब्रिटनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांच्या, १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार अधिक आढळला. असा ताबा कनिष्ठांकडेच कमी असतो, त्यामुळे ताण फक्त वरिष्ठांनाच असतो, या लाडक्या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला.

प्रश्नावली निनावी ठेवा आणि निष्कर्ष विभागवार काढा. मात्र पाच-सहा जणांच्या विभागाचे आकडे स्वतंत्रपणे दाखवू नका, कारण तेथे कोणी काय लिहिले हे सहज ओळखू येते आणि पुढच्या वेळी खरे उत्तर कोणी देत नाही. शरीराचे मोजमाप हवेच असेल, तर कामाच्या वेळेतील रक्तदाब अधिक उपयोगी ठरेल. दवाखान्यात तो सामान्य भरतो आणि कामावर चढलेला असतो, असे अनेकांच्या बाबतीत घडते. तो तपासायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे आणि नोंदी डॉक्टरांकडेच राहाव्यात.

एक मोजमाप तर तुमच्या हाताशीच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधील अहवालानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. रक्ततपासणीचा खर्च मंजूर होण्याआधी गेल्या सहा महिन्यांची हजेरी काढून ५५ तासांची रेषा कोण ओलांडते, ते पाहा.