आवर्तन, आरक्षण आणि घनमीटर: वाचकांचे प्रश्न

गंगापूर धरणातलं शहराचं आरक्षण वाढलं, तशी आमची आवर्तनं (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) घटली. वडिलांच्या काळापासून पाणी घेतोय. हक्क गेला का? – एक शेतकरी, नाशिक तालुका

गेला नाही, पण तो मालकीचा कधी नव्हताच. 1976 च्या पाटबंधारे अधिनियमानुसार कालव्याचं पाणी म्हणजे वापराची मंजुरी. ‘वडिलांपासून घेतोय’ ही वहिवाट इथे चालत नाही. 2003 च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योगांचा नंबर होता. 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पिण्याचं पाणी मात्र कायम पहिलं. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीने पिणं, शेती, उद्योग अशा क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला, त्यामुळे वाढीव आरक्षणाबद्दल शाखा अभियंत्याशी भांडून काही हाती लागत नाही. तुमच्या हातात आहे तो नमुना 7, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज: दर हंगामात मुदतीत भरा, पोच घ्या, थकबाकी ठेवू नका. मागणीच नोंदली नसेल, तर आवर्तन ठरताना तुमचं क्षेत्र हिशेबात कसं धरणार?

शेतकऱ्यांनी मिळून पाणी वापर संस्था केली तर फायदा काय? आकारणीत फसगत होते म्हणतात. – दिंडोरी

शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याने संस्थेला पाणी घनमीटरवर मिळतं आणि पीक कोणतं घ्यायचं ते तुम्ही ठरवता. वाघाड धरणावरच्या संस्था तुमच्याच तालुक्यात आहेत, जाऊन बघा. मात्र संस्थेकडे वाटप आल्यावर विभाग वैयक्तिक अर्ज घेत नाही. मागणी संस्थेकडेच द्यायची.

फसगत होते ती मोजणीत. 1 क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) 24 तास वाहिला की सुमारे 2,447 घनमीटर होतात. चारीच्या (कालव्याच्या छोट्या फाट्याच्या) तोंडाशी फ्ल्यूम, म्हणजे प्रवाह मोजायचा अरुंद बांधीव भाग असतो; त्याच्या खालच्या बाजूला गाळ-गवत साचलं की पाणी तुंबतं, वरच्या बाजूच्या मोजपट्टीवरची पातळी चढते आणि प्रत्यक्षापेक्षा जास्त विसर्ग नोंदला जातो. न आलेल्या पाण्याचं बिल येतं ते असं. म्हणून आवर्तनाआधी फ्ल्यूमखालचे वीसेक मीटर साफ करा, रोज पाटकऱ्यासोबत (पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यासोबत) पट्टी वाचा आणि दोघांनी सही करा. आवर्तन संपल्यावर केलेल्या तक्रारीला पुरावा उरत नाही.

आमच्या वरच्या धरणांतून गोदावरीवरच्या खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं कुठल्या आधारावर? – निफाड

2005 च्याच जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं समन्यायी वाटपाचं कलम. प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने निकष बसवला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांखाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. हरकत घ्यायची तर त्या तारखेचे साठ्याचे आकडे हातात ठेवून. नुसता ‘आमचं पाणी’ हा मुद्दा टिकत नाही.