ॲक्रिलिकच्या फिश टँकवरील चरे आणि धूसरपणा घरच्या घरी घालवता येतो का?

आपल्या दोन फुटी ॲक्रिलिक टाकीची समोरची बाजू धूसर झाली आहे, तिच्यावर चरे पडले आहेत आणि दुकानदार नवीन टाकी घेण्यास सांगत आहे, असे आपण लिहिले आहे. मी सोलापुरातच अशा टाक्या सांभाळतो आणि इतरांच्या टाक्यांना पॉलिशही करून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, की बहुतेक वेळा टाकी बदलण्याची गरज नसते. मात्र हातात पॉलिश पेपर घेण्यापूर्वी धूसरपणा नेमका कशाचा आहे, हे ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण चांगल्या टाक्यांचे सर्वाधिक नुकसान घाईने घासल्यामुळेच होते.

आपल्याकडे पहिला संशय क्षारांवर घ्यावा. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर गेले की टाकीतील पाणी झपाट्याने उडते आणि क्षार मागे राहतात; त्यात पुन्हा बोअरचे पाणी भरत राहिल्यास पाण्याच्या रेषेलगत पांढरा थर जमतो. हा थर घासून काढू नये. मासे दुसरीकडे हलवून टाकी रिकामी करावी, पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेले मऊ कापड थरावर दहा-पंधरा मिनिटे चिकटवून ठेवावे, मग पुसून भरपूर पाण्याने धुवावे. अनेकांची तक्रार एवढ्यावरच मिटते.

त्यानंतर चरा बाहेरून आहे की आतून, ते पाहावे. बाहेरच्या चऱ्यावर ओले बोट फिरवल्यावर तो दिसेनासा झाला, तर तो बहुधा उथळ आहे आणि पॉलिशने जाईल. नख अडकत असेल, तर तो खोल आहे. आतल्या चऱ्याची पारख मात्र टाकी भरलेली असतानाच करावी. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो, याचे माप) सुमारे १.४९, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १ असतो. त्यामुळे चऱ्यात पाणी शिरले की प्रकाश कमी विखुरतो आणि रिकाम्या टाकीत ठळक दिसणारा चरा भरल्यावर फिका पडतो. भरलेल्या टाकीत न दिसणाऱ्या आतल्या चऱ्याला मी हात लावत नाही.

तिसरा प्रकार गंभीर आहे. तिरप्या उजेडात केसासारख्या बारीक भेगांचे जाळे चकाकत असेल, तर ते चरे नाहीत, ॲक्रिलिकच आतून तडकू लागले आहे. स्पिरिट, थिनर, पेट्रोल किंवा अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव लावल्याने असे होते आणि त्यावर पॉलिशचा उपाय नाही. या भेगा सांध्यांजवळ असतील, तर त्या टाकीत पुन्हा पाणी भरू नये.

आता प्रत्यक्ष घासण्याविषयी. डेंटिंग-पेंटिंगचे सामान विकणाऱ्या दुकानांत वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर मिळतो; नंबर जितका मोठा तितका तो बारीक. नख अडकणाऱ्या चऱ्यासाठी ६०० किंवा ८०० नंबरपासून आणि साध्या चऱ्यासाठी १२०० किंवा १५०० पासून सुरुवात करून २०००, शक्य असल्यास ३००० पर्यंत जावे. पेपर सपाट रबरी ठोकळ्यावर गुंडाळावा आणि पृष्ठभाग सतत ओला ठेवावा. फक्त चऱ्यावरच घासल्यास तेथे खळगा होऊन मासे वेडेवाकडे दिसतात, म्हणून चऱ्याच्या चारही बाजूंचा बराच भाग सोबत घ्यावा. सांध्यांपासून मात्र दूर राहावे. एका नंबरने आडवे घासले तर पुढच्याने उभे घासावे, म्हणजे आधीच्या रेषा पूर्ण गेल्या की नाही ते स्पष्ट दिसते. त्या गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नये, आणि प्रत्येक वेळी पाणी बदलून पृष्ठभाग धुवावा, कारण जाड पेपरचा एक कण मागे राहिला तरी तो नवा चरा पाडतो. मध्येच सगळी बाजू दुधाळ दिसू लागते, तेव्हा कृपया घाबरून थांबू नका. ती अवस्था प्रत्येक टाकीत येते.

शेवटची चकाकी ॲक्रिलिकसाठीच्या पॉलिशने आणावी. नोव्हस या नावाचे पॉलिश तीन क्रमांकांत मिळते: ३ ठळक चऱ्यांसाठी, २ बारीक चऱ्यांसाठी आणि १ स्वच्छतेसाठी. गाडीच्या रबिंग कंपाउंडमध्ये सॉल्व्हंट आणि मेण असू शकते, म्हणून ते मी टाळतो. ड्रिलला बफ (पॉलिश करायची मऊ चकती) लावून घासणेही टाळावे. ॲक्रिलिक सुमारे १०० अंशांना मऊ पडते आणि बफ एका जागी क्षणभर जास्त थांबला तरी तेथे ओघळ येतो. दोन फुटी टाकीला हाताची मेहनत पुरते. पॉलिश फक्त बाहेरून लावावे. आतल्या बाजूला साध्या पाण्याने, अतिबारीक पेपरपर्यंत घासून थांबणे माशांसाठी सुरक्षित आहे, कारण उरलेली किंचित धूसरता पाणी भरल्यावर बरीचशी झाकली जाते.

पुसण्यासाठी आपले सोलापुरी टॉवेल हाताशी असले, तरी कोरड्या टॉवेलने धूळ पुसू नये. सुताच्या लूपांत अडकलेले मातीचे कण ॲक्रिलिकवर ओढले जातात. जुने, मऊ मलमल ओले करून वापरावे. शेवाळ काढायच्या चुंबकी स्क्रबरमध्ये वाळूचा कण शिरणे हे आतल्या चऱ्यांचे नेहमीचे कारण असते, त्यामुळे तो तळाच्या वाळूपर्यंत नेऊ नये आणि ब्लेड तर वापरूच नये.

आतून काम करणार असाल, तर फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीच्याच जुन्या पाण्यात बुडवून ठेवावा, अन्यथा त्यातील उपयुक्त जिवाणू क्लोरीनने मरतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने, क्लोरीन काढलेले पुरेसे पाणी आधी साठवून मगच टाकी रिकामी करावी.