‘शंकांवर मात’ की ‘शंकानिरसन’?

प्रश्न असा आहे: ‘ख्रिस्ती विश्वासावरील शंका आणि आक्षेपांवर मात’ हे एका पुस्तिकेचं शीर्षक मराठीत बरोबर वाटतं का? शंका, संशय, आक्षेप आणि अविश्वास हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

खटकतं ते ‘मात’. मात शत्रूवर, संकटावर, आजारावर करतात. शंका मराठीत फिटते. ज्याच्या मनात ती आली त्याचंच समाधान व्हायचं असतं, कुणाला हरवायचं नसतं. म्हणून शंका फेडावी, तिचं निरसन करावं. आक्षेप खोडून काढता येतो, कारण तो कुणीतरी उघडपणे घेतलेला असतो आणि त्यामागे युक्तिवाद असतो. शंका ‘विचारतात’, आक्षेप ‘घेतात’. या दोन क्रियापदांतच निम्मं उत्तर आलं.

दुसरी चूक ‘वरील’ची. ‘विश्वासावरील आक्षेप’ ठीक आहे, पण शंका ‘विश्वासाविषयी’ असते. संशयाला ‘वर’ लावलं तर अर्थच फिरतो. ‘माझा त्याच्यावर संशय आहे’ म्हणजे त्यानेच काहीतरी केलं असावं. त्यामुळे ‘ख्रिस्तावर संशय’ असं लिहिलं की ख्रिस्त जणू आरोपी ठरतो. लिहिणाऱ्याला मात्र ‘ख्रिस्ताविषयी मन ठरत नाही’ एवढंच सांगायचं असतं.

मन न ठरणं हाच ‘संशय’ शब्दाचा जुना, नेमका अर्थ. न्यायदर्शन म्हणजे भारतीय तर्कशास्त्राची परंपरा, तिच्यातलं ठरलेलं उदाहरण पाहा: अंधुक उजेडात उभा आकार दिसतो, तो झाडाचा खुंट की माणूस? दोन्ही पर्याय समोर आहेत आणि मन दोहोंमध्ये झुलतंय. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, मूळ ग्रीकमध्ये ‘दिस्ताझो’ हे क्रियापद जवळजवळ हेच सांगतं. त्यात ‘दोन’ या अर्थाचा अंश आहे. ते फक्त दोनदा येतं, दोन्ही वेळा मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात. पाण्यावर चालता चालता येशूचा शिष्य पेत्र वारा पाहून बुडू लागतो तेव्हा (14:31), आणि पुनरुत्थानानंतर गालीलातल्या डोंगरावर शिष्य येशूला नमन करतात तरी कित्येकांना संशय वाटतो तेव्हा (28:17). नमन आणि संशय एकाच वचनात आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. पेत्राला मराठी बायबलमध्ये विचारलंय, ‘तू संशय का धरलास?’ हा ‘धरणे’ जपण्यासारखा आहे. संशय घेतो तो दुसऱ्यावर, धरतो तो स्वतःच्या मनात.

येशू पुन्हा उठला हे आधी न मानणाऱ्या थोमा या शिष्याला ‘संशयी थोमा’ म्हणतात. याच कसोटीवर हे रूढ विशेषण टिकत नाही. योहान 20:27 मध्ये ‘दिस्ताझो’ नाहीच. तिथे ‘आपिस्तोस’ आणि ‘पिस्तोस’ अशी जोडी आहे: विश्वासहीन होऊ नकोस, विश्वास ठेवणारा हो. थोमा दोन पर्यायांत झुलत नव्हता. खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणारच नाही, असं त्याने ठामपणे सांगितलं होतं. त्याला अटी घालणारा म्हणा, संशयी नको.

आता शंका आणि आक्षेप यांतला फरक एका उदाहरणावर. येशूच्या रिकाम्या कबरेकडे किती स्त्रिया गेल्या? मत्तय दोघींची नावं देतो, मार्क तिघींची, योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं. वाचताना हे कुणाला खटकलं आणि त्याने विचारलं, तर ती शंका. तिला लांबलचक खंडन नको. योहान 20:2 उघडून दाखवा. तिथे हीच मरीया म्हणते, त्याला कुठे ठेवलं ते ‘आम्हांला’ ठाऊक नाही. तोंडून अनेकवचन आलं, म्हणजे सोबत कुणीतरी होतं. योहानाने फक्त एकीचं नाव घेतलं. शंका फिटते ती अशी. पण कुणी म्हणालं की वृत्तांत जुळत नाहीत, म्हणून पुनरुत्थान घडलंच नाही, तर तो आक्षेप. आता एक वचन पुरत नाही. तपशिलातला फरक आणि मूळ घटनेचा नकार यांमध्ये जी उडी मारली आहे, तिची तपासणी करावी लागते.

मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ ठरवण्याच्या शास्त्रात, अधिकरणाची (एका प्रश्नावरच्या चर्चेची) पाच अंगं मोजतात. त्यांत ‘संशय’ आणि ‘पूर्वपक्ष’, म्हणजे विरोधकाची बाजू, वेगवेगळे आहेत. आक्षेप म्हणजे पूर्वपक्ष, आणि तो विरोधकालाही मान्य होईल इतक्या ताकदीने मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला, म्हणजे आपल्या उत्तराला, वजन येत नाही. 13व्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञानेही हाच शिरस्ता पाळला: आधी आक्षेप, मग स्वतःचं उत्तर, शेवटी एकेका आक्षेपाचा समाचार.

गफलत होते ती एकच वाक्य दोन्ही रूपांत येतं तेव्हा. ‘देव चांगला आहे तर हे दुःख का?’ वादसभेत हा आक्षेप आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या तोंडी ती शंका आहे, कधी नुसता आक्रोश. तिथे आक्षेप खोडल्यासारखं उत्तर दिलं तर माणूस गप्प बसतो, शंका जागच्या जागी राहते. यहूदाच्या पत्रात संशयात असलेल्यांवर दया करायला सांगितलंय (वचन 22), त्यांना निरुत्तर करायला नव्हे.

या सगळ्या खटाटोपाला ग्रीकमध्ये ‘अपोलोगिआ’ म्हणतात: मूळ अर्थ, आरोपीने न्यायसभेत दिलेलं उत्तर. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा म्हटलंय, तेही सौम्यतेने, तिथे हाच शब्द आहे. मराठीत ‘विश्वाससमर्थन’ म्हणावं. ‘अपॉलॉजी’ या इंग्रजी शब्दाच्या आवाजावरून ‘क्षमायाचना’ आणाल तर अर्थ उलटा होईल.

राहिला ‘अविश्वास’. मार्क 9:24 मध्ये पछाडलेल्या मुलाला येशूकडे आणणारा बाप म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ मूळ ग्रीक क्रियापद मदतीचं आहे: माझ्या अविश्वासाला साहाय्य कर. पुस्तिकेत हे वचन घेणार असाल तर तळटीप द्या. अविश्वास जाण्याआधीच त्याने मदत मागितली, हे तिच्यामुळे दिसेल.

शीर्षक ‘ख्रिस्ती विश्वास: शंकानिरसन आणि आक्षेपांना उत्तरे’ असं करा. जागा कमी असेल तर ‘ख्रिस्ती विश्वासाविषयी शंकासमाधान’. मग आक्षेपांचं प्रकरण आत वेगळं ठेवा.